आहार: शाकाहारी (बौद्ध)

बौद्ध रुग्णाची काळजी कशी घ्यायची, हे आम्हाला एका मंगळवारी जेवणानंतरच्या तासाला दहा मिनिटांत शिकवलं. त्याआधी मुसलमान उरकले होते, ख्रिश्चन उरकले होते, आणि आदिवासींच्या वाट्याला शेवटची तीन-चार मिनिटं आली, कारण घंटा होत आली होती. धड्याचं नाव भारदस्त होतं: निरनिराळ्या संस्कृतींच्या रुग्णांची शुश्रूषा. मॅडम झेरॉक्स नोट्स समोर धरून सांगत होत्या आणि आम्ही मान खाली घालून उतरवून घेत होतो.

नोट्समध्ये एक तक्ता होता. डावीकडे धर्म, मग आहार, मग वेदना, मग मरणाच्या वेळी काय करायचं. बौद्धांच्या रकान्यात लिहिलं होतं, शाकाहारी. शांतता प्रिय. ध्यानासाठी वेळ द्यावा. मन जागं ठेवायचं असल्यामुळे वेदनाशामक औषध नाकारू शकतात. अंतकाळी भिक्खूंना बोलवावं.

वाचून मला आधी हसू आलं. माझ्या काकाचं बोट मळणीयंत्रात सापडलं होतं तेव्हा त्यानं इंजेक्शनसाठी असा धिंगाणा घातला होता की रस्त्यावरची माणसं दवाखान्यात डोकावली. मन जागं ठेवायचं त्याला काही सुचलं नाही. आणि शाकाहार म्हणाल, तर आमच्या घरी रविवारी कोंबडी शिजायची, गावच्या बोडीतली मासोळी निघाली की आई दारातच पातेलं घेऊन बसायची, आणि वडील एसटीच्या वर्कशॉपमधून येताना शनिवारी न चुकता अंड्यांचा पुडा आणायचे. लाखांदूरकडे दिलेली माझी आत्या मात्र वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले, तीन महिने यातल्या कशालाही शिवत नाही, आणि ते महिने संपले की दोन्ही हातांनी भरपाई करते. म्हणजे आमच्यात खाणारे आहेत, न खाणारे आहेत आणि पौर्णिमा बघून खाणारेही आहेत. हा तक्ता कुठल्या देशातल्या बौद्धांवरून बेतला होता कोण जाणे. कुणीतरी उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या, आणि भंडारा जिल्ह्यात, जिथे गावोगाव निळा झेंडा आणि बुद्धविहार आहे, तिथे बसून आम्ही ते पाठ करत होतो.

“कुणाला काही विचारायचंय?” मॅडमनी विचारलं.

वर्गात आम्ही पाच-सहा जणी बौद्ध होतो. एकीनंही तोंड उघडलं नाही. इतरांचं मला ठाऊक नाही, माझं कारण मात्र मला पक्कं ठाऊक होतं. माझं आडनाव कुणब्यांतही आहे आणि आमच्यातही. माझा नंबर ओपनमधून लागला होता, त्यामुळे प्रवेशाच्या यादीनंही माझी चुगली केली नव्हती. होस्टेलवर पहिल्याच दिवशी माझ्या खोलीतली मुलगी, तुमसरच्या तांदूळ गिरणीवाल्यांची लेक, माझी पेटी आत ओढायला मदत करत म्हणाली होती, “बरं झालं बाई, तू आलीस. मला टेन्शन होतं, कोण येते न् कोण नाही. तुला कळतंय ना मी काय म्हणते ते?”

मला कळलं होतं. मी हसले आणि पेटीचं कुलूप काढायला बसले. घरून निघताना वडिलांनी सांगितलं होतं, “कोनी विचारलं त सांगजो. नाही विचारलं त दवंडी पिटाची गरज नाही.” तिनं विचारलं नव्हतं, परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि मी तीन वर्षं ताकास तूर लागू दिली नाही. पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला निळ्या कोटातला फोटो मी त्याच आठवड्यात काढून वहीत ठेवला. आमच्याकडच्या बायकांचं मले-तुले, जातो-खातो सोडून मला-तुला, जाते-खाते बोलायला लागले. रविवारी मेसमध्ये अंड्याचा रस्सा असला की ती गिरणीवाल्यांची लेक नाक दाबून दूर बसायची, आणि मीसुद्धा तिच्या सोबतीला दूर जाऊन बसायची. हे सगळं मी आज लिहिते आहे तेव्हाही माझे कान गरम होतात.

तो तक्ता शिकलो त्या तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात आमची ड्युटी बायकांच्या सर्जरीच्या वॉर्डात लागली. जिल्ह्यातलंच एक मोठं रुग्णालय, नाव सांगून काही साधणार नाही. तिथे लाखांदूरजवळच्या एका खेड्यातली साठीची बाई दाखल झाली. धान कापताना विळा पायाला लागला होता, घोट्याच्या जरा वर. कापणी अर्धी टाकून दवाखान्यात कोण जाणार, म्हणून तिनं हळद दाबली, चिंधी बांधली आणि उरलेली धानाची बांधी कापून काढली. आठवडाभरात पाय टरारून सुजला. आमच्याकडे आणली तेव्हा सर्जनला हाताच्या पंजाएवढं सडलेलं मांस काढून टाकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सर्जननी तिच्या मुलाला आणि सोबत आम्हा मुलींनाही खाटेपाशी उभं करून स्पष्ट सांगितलं. “आता दोनच गोष्टी होऊ शकतात. जखमेत लाल मांस धरलं, की मांडीची कातडी काढून तिथे लावू. नाही धरलं, तर पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल. औषध मी देतो आहे. मांस तिच्या अंगानं धरायचंय, आणि अंगाला त्यासाठी खायला लागतं. हिला चांगलं खाऊ घाला.”

मुलगा हो म्हणाला आणि मळणीसाठी गावी परत गेला. सून तीन-चार दिवसांनी एसटीनं यायची, दोन तास बसायची. म्हातारीच तिला घालवून द्यायची. “इथं सगळं भेटते, जाय तू, धान पडून हाये,” म्हणायची. त्या बाईनं कधी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नाही. पाणीसुद्धा स्वतः उठून, भिंतीला धरून, एका पायावर लंगडत घ्यायला निघायची आणि आम्हाला तिला पकडून परत बसवावं लागायचं.

तिची खाट माझ्या खोलीतल्या त्या मैत्रिणीला मिळाली. शेजारची मला. पहिल्या दिवशी मी माझ्या पेशंटचा बीपी घेत होते तेव्हा म्हातारी माझ्याकडे टक लावून बघत होती.

“तुहं गाव कोनतं, बाई?”

“कोंढ्याकडचं.”

“कोंढ्याकडची एक सून हाये आमच्या मोहल्ल्यात. तुह्यासारकंच तोंड. तुही आत्या-गित्या त नोहे?”

माझी मैत्रीण हाताच्या अंतरावर फाइल लिहीत उभी होती. “नाही,” मी म्हणाले. “आमचं कोणी नाही तिकडं.”

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, मग मैत्रिणीकडे पाहिलं. “बरं,” म्हणाली. “राहते एखाद्याचं सारकं तोंड.”

ती सून म्हणजे माझी आत्याच होती. आईला कावीळ झाली होती तेव्हा तिनं मला सहा महिने स्वतःजवळ ठेवून घेतलं होतं, माझ्या उवा काढल्या होत्या, मला बाराखडी शिकवली होती. तिला मी एका शब्दात मोडीत काढलं आणि बीपीचा आकडा कागदावर लिहिला.

आता मैत्रिणीबद्दल सांगायला हवं, कारण ती वाईट मुलगी नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हातारीची पाठ चोळायची, नखं कापायची, केस विंचरून द्यायची. आम्हाला प्रत्येक पेशंटचा केअर प्लॅन लिहावा लागे, त्यात त्या वर्षापासून संस्कृतीचा एक नवा तक्ता जोडलेला होता. तिनं म्हातारीला विचारलं, “आजी, धर्म कोणता?” म्हातारी म्हणाली, “बौद्ध.” बस. पुढचे सगळे रकाने तिनं नोट्स उघडून भरले. माणूस समोर पाय उशीवर ठेवून बसलेलं होतं, पाच फुटांवर, ऐकू येत होतं, बोलता येत होतं, आणि त्या माणसाची माहिती ती वहीतून उतरवत होती. मग खाटेच्या उशाशी अडकवलेल्या आहाराच्या कार्डावर तिनं हिरव्या पेननं सुवाच्य अक्षरात लिहिलं, आहार: शाकाहारी (बौद्ध). किचनमध्येही जाऊन सांगून आली. तिच्या घरात शाकाहार ही मानाची गोष्ट होती. आपण म्हातारीला मान देतो आहोत असंच तिला मनापासून वाटत होतं.

मॅडमनी तो प्लॅन सगळ्या वर्गाला दाखवला. “याला म्हणतात रुग्णाच्या संस्कृतीचा आदर,” त्या म्हणाल्या. मी तिसऱ्या बाकावर मूग गिळून बसले. एक वाक्य पुरलं असतं. मॅडम, आम्ही अंडी खातो. पण त्या वाक्यातला ‘आम्ही’ मला म्हणायचा नव्हता.

वॉर्डात रोज सकाळी किचनची मावशी ट्रॉली घेऊन यायची. चहा, पोहे किंवा उपमा, आणि ज्यांच्या जखमा भरायच्या आहेत त्यांच्यासाठी स्टीलच्या डब्यात उकडलेली अंडी. ती एकेका खाटेपाशी थांबायची, कार्ड वाचायची, अंडं सोलून ताटलीत ठेवायची. एक, दोन, तीन, चार. पाचव्या खाटेपाशी ती हिरवी अक्षरं वाचायची, पोह्यांची ताटली ठेवायची आणि डब्यावर झाकण टाकून पुढे ढकलायची. सहाव्या खाटेपाशी झाकण पुन्हा निघायचं. अंड्याच्या बदली अर्धा कप दूध जास्त मिळावं अशी व्यवस्था मैत्रिणीनं केली होती. म्हातारीला दुधानं पोट फुगायचं, ती ते तसंच ठेवून द्यायची. ट्रॉली जवळ येताना तिला ऐकू यायची, चाकं फार करकरायची. ती आली की म्हातारी तोंड खिडकीकडे करायची आणि ट्रॉली दाराबाहेर जाईपर्यंत तिकडेच बघत राहायची. खिडकीतून दिसण्यासारखं तिथे काही नव्हतं. पाण्याची टाकी होती.

सहावी खाट माझ्या पेशंटची. पोटाचं ऑपरेशन झालेली, गळ्यात तुळशीची माळ घातलेली बाई. आणि तिला रोज अंडं मिळत होतं. नोट्समध्ये हिंदूंच्या रकान्यात आहारापुढे फक्त ‘गोमांस वर्ज्य’ एवढंच होतं, आणि मीही विचारलं नव्हतं. माळ मला दिसत होती. पण माझंसुद्धा डोकं त्या तक्त्यातच होतं. ती बाई बिचारी रोज ते अंडं कागदावर काढून ठेवायची. तिसऱ्या दिवशी तिनं ते शेजारी पुढे केलं.

“घ्या वो बाई, मी नाही खात. कायले वाया घालवाचं?”

“नोको,” म्हातारी म्हणाली. “दुसऱ्याच्या ताटातलं मी खात नाही.”

हे मी कापसाचे बोळे करता करता ऐकलं, आणि मला सुटल्यासारखं झालं. ही खात नसेलच, मी मनाशी म्हटलं. आत्यासारखी असेल. काही पाळत असेल. डिसेंबरात कुणी वर्षावास पाळत नाही हे कळण्यासाठी मला नर्सिंग शिकायची गरज नव्हती. पण गैरसोयीचं शहाणपण माणूस बरोबर बाजूला ठेवतो.

दिवस जात राहिले. ड्रेसिंगच्या वेळी मी मैत्रिणीला मदत करायची, त्यामुळे जखम मला रोज दिसायची. ती लाल व्हायला हवी होती. ती फिकटच राहिली, कडांना पांढरट, वरून ओलसर. म्हातारीचे गाल आत गेले. चेहऱ्यावर हलकी सूज आली. मैत्रीण काळजीनं म्हणायची, “काही कळत नाही बाई, मी तर सगळं नोट्सप्रमाणे करते आहे.” आणि ते खरं होतं.

पंधराव्या दिवशी सर्जन राउंडला आले. कातडी लावायची तारीख ठरवायला आले होते. त्यांनी पट्टी उघडायला लावली, वाकून बघितलं. मग रक्ताचा रिपोर्ट मागितला.

“प्रथिनं इतकी खाली कशी? हिला खायला काय देता?”

“सर, पेशंट व्हेज आहे,” इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी कार्डाकडे बोट केलं. “बौद्ध आहेत.”

सर्जननी ते कार्ड वाचलं. मग ते म्हातारीकडे वळले. “आजी, अंडं खाता का?”

“हाव,” म्हातारी म्हणाली. “भेटलं त खातो नं.”

“मासोळी, मटण?”

“सगळंच खातो, डाक्टर. नाही कोन म्हणे?”

वॉर्डात कुणीतरी हसलं. सर्जन आमच्याकडे वळले. आम्ही आठ मुली पांढऱ्या कपड्यांत ओळीनं उभ्या होतो. “पंधरा दिवस,” ते म्हणाले. “हिचा पाय जायची वेळ आली आहे आणि तुम्ही एवढ्या जणी इथे रोज येता. यातल्या एकीलाही हिला विचारावंसं वाटलं नाही?”

मैत्रीण रडायला लागली. आणि मॅडम, ज्यांनी आम्हाला तो तक्ता दिला होता, त्या म्हणाल्या, “पण सर, पेशंटनं स्वतःहून सांगायला हवं होतं.”

मला आयुष्यात खूप वेळा राग आला आहे, पण त्या वाक्याइतका कधीच नाही. पाय उशीवर, ताप अंगात, ट्रॉली रोज समोरून पुढे जाते आहे, आणि चूक कुणाची, तर तिची. जखम तिची, भूक तिची आणि वर दोषही तिचाच. तरीही तेव्हा मी ओळीत उभी होते ती तशीच उभी राहिले.

दुपारी पट्टी बदलायला मी एकटीच गेले. मैत्रीण होस्टेलवर डोकं धरून पडली होती. शेजारची माळवाली बाई झोपली होती. मी जखम धुतली आणि न राहवून विचारलं. माझ्या तोंडून इथे पहिल्यांदाच घरचा शब्द निघाला.

“आजी, तुम्ही मागितलं काहून नाही?”

तिनं लुगड्याचा काठ गुडघ्यावर नीट ओढला.

“मले वाटलं, जातीपायी सोडून राहिले,” ती म्हणाली. पाऊस आला, बस चुकली, अशा सुरात म्हणाली. “सगळ्यायले देत येत, माह्या खाटेपाशी आले का झाकन टाकत. वर काही लिहून लावलं होतं. मले वाचता येत नाही, मंग मी समजली. आमाले का नवीन हाये?”

मैत्रिणीनं आदर म्हणून जे केलं आणि गावानं विटाळ म्हणून जे केलं होतं, ते त्या खाटेवरून हुबेहूब सारखंच दिसत होतं. दोन्हीत तिला कुणी काही विचारलेलं नव्हतं.

“पण म्हणायचं तरी एकदा,” मी म्हणाले.

“माह्या बापानं दीक्षा घेतली तवा मी जलमली बी नव्हती. पन घरात एकच सांगनं होतं. आता कोनापाशी मागून खायाचं नाही, कोनाचं उष्टं घ्याचं नाही. जीव गेला तरी नाही. माह्या मायनं उपास काढले, पन दारोदार भाकर मागाले गेली नाही. मंग एका अंड्यासाठी मी तोंड उघडू?”

मी मान खाली घालून पट्टी गुंडाळू लागले. मग ती पुढे वाकली, शेजारच्या खाटेकडे एक नजर टाकली, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, “आन् तू होती नं. तू त आपली होती. तुले मागा लागते का?”

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कोंढ्याकडची सून, तिचं तोंड, माझं तोंड, आणि माझं ते ‘आमचं कोणी नाही तिकडं’. मैत्रिणीच्या देखत माझ्या तोंडावर तिनं मला खोटं पाडलं नव्हतं. पंधरा दिवस ती माझी वाट बघत होती, आणि पंधरा दिवस माझी झाकली मूठही सांभाळत होती. आत्ताही ती हळू बोलली, ते माझ्यासाठी. मी नर्स होते, ती पेशंट होती, आणि काळजी कोण कुणाची घेत होतं?

दुसऱ्या दिवशी वर्गात मी उभी राहिले. आवाज नको इतका मोठा निघाला. “मॅडम, मी बौद्ध आहे. आमच्या घरी रविवारी कोंबडी होते. तुमच्या नोट्समध्ये बौद्धांबद्दल जे लिहिलंय ते आमच्या अख्ख्या गावात मी कुणाला करताना पाहिलेलं नाही. आणि आदिवासींच्या रकान्यात ‘अंधश्रद्धाळू’ हा एकच शब्द लिहिलाय. हा काय आहार आहे?”

गिरणीवाल्यांची लेक मान वळवून माझ्याकडे अशी बघत होती की जणू खोलीत तीन वर्षं दुसरीच कुणी झोपत होती.

मॅडम रागावल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. “अगं, मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?” त्या म्हणाल्या. “मी विचारलं होतं, कुणाला काही विचारायचंय का म्हणून.”

तोच प्रश्न मी म्हातारीला विचारला होता. फरक एवढाच, की म्हातारी मानापायी गप्प होती आणि मी भीतीपायी. पुढच्या आठवड्यात मॅडमनी नोट्समध्ये पेननं एक ओळ वाढवली, काही बौद्ध मांसाहारी असतात. पुन्हा झेरॉक्स काढून वाटली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तक्ता जसाच्या तसा राहिला, त्यात आता आम्ही ‘काही’ झालो. आणि परीक्षेला तो तक्ता आला, मीही तो लिहिला, कारण मला पास व्हायचं होतं. कुणाला वाटत असेल की त्या दिवशी वर्गात उभी राहून मी सुधारले, तर त्यांनी हे लक्षात ठेवावं.

मैत्रीण माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “पहिल्या दिवशी मी काय बोलले होते ते आठवतं ना तुला?” मी हो म्हणाले. पण तिनं ते कार्ड स्वतः फाडलं होतं, आणि त्यानंतर रोज सकाळी, नाकाला रुमाल लावून, ती म्हातारीसाठी दोन अंडी स्वतःच्या हातानं सोलत होती. ते मी कधी विसरणार नाही.

जखमेनं मांस धरलं, पण सावकाश. एकदा लावलेली कातडी धरली नाही, गळून आली. दुसऱ्यांदा धरली. पाय वाचला. पण तोवर इतके आठवडे गेले होते की घोटा आखडला आणि टाच जमिनीला टेकेना. ते पंधरा दिवस वाया गेले नसते तर काय झालं असतं, हे मी सर्जनना एकदा विचारलं. ते म्हणाले, “आता ते विचारून काय करणार?” आणि पुढच्या खाटेकडे गेले.

आज मी स्टाफ नर्स आहे. माझ्या वॉर्डात मुली शिकायला येतात, तो तक्ता आता त्यांच्या मोबाइलमध्ये असतो. मी त्यांना मोबाइल टेबलावर ठेवायला लावते आणि सांगते, खाटेपाशी जा, खाली बसा, काय जेवता ते विचारा. त्या मला खडूस म्हणतात. परवा एकीनं विचारलं, “पण मॅडम, धर्माच्या रकान्यापुढं आहार काय लिहू?” मी तिच्यावर इतकी ओरडले की पेशंट जागे झाले. नंतर मला वाईट वाटलं. चूक तिची नव्हती, तिलाही कुणीतरी दहा मिनिटांतच शिकवलं असणार.

गेल्या वर्षी मी आत्याकडे गेले. धानाचा रोवणा आटोपला होता, बांध्या पाण्यानं भरलेल्या होत्या. आत्याला मी सगळं सांगितलं, तिला नाकारलं तेही. तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, “चाल, तिच्या घरी नेतो तुले.”

म्हातारी ओसरीत खाटेवर बसली होती, शेजारी काठी. घरातले सगळे शेतातून नुकतेच आले होते, पायांवर चिखल वाळत होता. तिचे पाय कोरडे होते. तिनं मला लगेच ओळखलं. पायाचं काही बोलली नाही. जयभीम म्हणाली, नोकरी कुठं, लग्न झालं का, आई कशी हाये, सगळं विचारलं. मग सुनेला हाक मारून चूल पेटवायला सांगितलं. मी नको-नको म्हणत राहिले, तिनं ऐकलं नाही.

सून आत जाता जाता थांबली, काय करू म्हणून. म्हातारी माझ्याकडे वळली.

“वर्षावास चालू हाये, बाई,” ती म्हणाली. “तुही आत्या त पाळते. तू अंडं खाते का?”

इतका साधा प्रश्न. तो विचारायला तिला एक क्षणही लागला नाही. सून दारात उभी होती, आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हातारी शांतपणे वाट बघत होती, वॉर्डात बघत होती तशी.

“हाव, आजी,” मी म्हणाले. “खातो.”